मुलांचे गुण आणि संध्याकाळचा परवचा

गणपतीचे दिवस आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमधल्या शाळांचे नवे वर्ष दरवर्षी मागेपुढेच येतात. आरती झाली, प्रसाद वाटून झाला की पालकांच्या गप्पा हमखास शाळेवर येऊन थांबतात. मी पेशाने शिक्षक नाही, डॉक्टर आहे. तरीसुद्धा सर्दी-खोकल्याच्या खालोखाल मला विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "डॉक्टर, मुलगा हुशार आहे हो, पण गुण दिसत नाहीत. काय करावे?" गेर्लिंगेनमध्ये आणि स्टुटगार्टच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरांत हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की या वर्षी स्मरणिकेसाठी याच विषयावर लिहायचे ठरवले. लेख पालकांसाठी आहे, आणि ज्यांना मराठी वाचता येते त्या मुलांसाठीही आहे. ज्यांना येत नाही, त्यांना आईबाबांनी वाचून दाखवावा.

इथले गुण येतात कुठून?

आपल्यापैकी बहुतेकांचे शिक्षण महाराष्ट्रात झाले. दहावी आणि बारावी हे आपले दोन घाट. वर्षभर काय केले याला फारसे महत्त्व नसे. मार्चमधल्या तीन तासांच्या पेपरात काय उतरले, त्यावर सगळे ठरे. म्हणून आपली अभ्यासाची कल्पनाही तशीच घडली आहे: शेवटचे दोन महिने दार लावून बसायचे, '२१ अपेक्षित' सोडवायचे आणि पेपर लिहायचा.

इथली रीत वेगळी आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढचा कोणताही उपदेश वाया जातो. गुण १ ते ६. एक सर्वांत चांगला, सहा सर्वांत वाईट. (नातवाला गणितात 'एक' मिळाला हे ऐकून गावाकडचे आजोबा काळजीत पडतात, हा अनुभव अनेक घरांत आला असेल.) मुख्य विषयांत वर्षभरात किमान चार वर्गपरीक्षा, म्हणजे क्लासेनआर्बाइट, होतात. मधूनमधून शब्दांच्या आणि धड्यांच्या छोट्या चाचण्या असतात. सातवीपासून वर्षातून एकदा एखाद्या विषयात 'गेएफएस', म्हणजे स्वतः तयार केलेले सादरीकरण किंवा प्रकल्प असतो. त्याचे मोल एका वर्गपरीक्षेइतके धरतात. आणि या सगळ्याच्या बरोबरीने असतो तोंडी गुण: वर्गात मूल किती वेळा बोट वर करते, काय बोलते, विचारल्यावर काय उत्तर देते, याचा गुण.

अबिटुरसुद्धा याच तत्त्वावर चालते. एकूण ९०० गुणांपैकी ६०० पर्यंत गुण शेवटच्या दोन वर्षांतल्या चार सहामाहींच्या कामातून येतात आणि ३०० पर्यंत अंतिम परीक्षांतून. म्हणजे दोन तृतीयांश निकाल शेवटची परीक्षा सुरू होण्याआधीच लागलेला असतो. "बारावीला जोर लावू" हे आपले जुने गणित इथे जुळत नाही. इथे जोर रोज थोडा थोडा लावावा लागतो.

उत्तर येते, पण तोंडातून निघत नाही

माझ्या ओळखीच्या एका कुटुंबातली आठवीतली मुलगी. वर्गपरीक्षांत तिला जीवशास्त्रात सरासरी २, पण प्रगतिपुस्तकात ३. वडिलांना वाटले, आपण परदेशी म्हणून बाईंनी हात आखडता घेतला. त्यांनी माझ्याजवळ मन मोकळे केले. मी एवढेच म्हटले की आधी बाईंना भेटून या. बाईंनी वही उघडून दाखवली: तोंडी गुण ४. "ती छान ऐकते, पण बोलतच नाही. तिला काय येते ते मला कळणार कसे?" घरी आल्यावर मुलीला विचारले, तर ती म्हणाली, "बाबा, मला उत्तर येत असतं. पण जर्मन वाक्य मनात तयार होईपर्यंत दुसरं कोणीतरी सांगून मोकळं होतं."

हे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. मोठी माणसे बोलत असताना मध्ये बोलू नये, विचारल्याशिवाय उत्तर देऊ नये, हे आपण मुलांना शिकवतो आणि त्याला चांगले वळण म्हणतो. इथल्या वर्गात त्याच वळणाला 'सहभाग नाही' असे नाव मिळते. भेदभाव कुठेच होत नाही, असे मी म्हणणार नाही. पण पुष्कळ वेळा कारण इतके साधे असते, आणि साध्या कारणाला उपायही साधा असतो.

थोडा हिशेब करू. समजा, एखाद्या विषयात लेखीला दोन भाग आणि तोंडीला एक भाग असे वजन आहे. लेखी २ आणि तोंडी ४ असेल, तर सरासरी २.६७ येते, म्हणजे प्रगतिपुस्तकात ३. तोंडी ४ चे ३ झाले, तर सरासरी २.३३, म्हणजे २. तोंडी ४ च ठेवून केवळ लेखीच्या जोरावर २ मिळवायचे म्हटले, तर लेखी सरासरी १.७५ पेक्षा चांगली हवी. यातले कोणते सोपे आहे, ते आपणच ठरवा. लेखी आणि तोंडीचे नेमके वजन प्रत्येक शिक्षक ठरवतात. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे त्यांनी ते वर्षाच्या सुरुवातीला वर्गात सांगायचे असते. मुलांनो, ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

परवचा म्हणजे काय होते?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. उत्तर येत असूनही वेळेवर तोंडात का येत नाही? कारण आपण अभ्यास म्हणजे डोक्यात भरणे असे समजतो. भरलेले बाहेर काढण्याचा सराव मात्र करत नाही.

आपल्या आजी-आजोबांच्या काळी हा सराव रोज होत असे. दिवेलागणीला शुभंकरोती झाली की मुले ओळीने बसून परवचा म्हणत. पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, वार, महिने, तिथी, नक्षत्रे. पुस्तक समोर नसे. आठवून, मोठ्याने म्हणायचे, अडले की कोणीतरी मोठे माणूस सांगायचे आणि पुन्हा म्हणायचे. वेदपाठशाळांत तर पुढे जाऊन शब्दांचा क्रम उलटसुलट करून क्रम, जटा, घन असे पाठ म्हणतात. लिहिलेल्या पानाचा आधार न घेता हजारो ऋचा पिढ्यान्‌पिढ्या स्वरासह टिकल्या, त्या अशाच आठवून म्हणण्याच्या शिस्तीमुळे.

आपण मोठे झालो तेव्हा परवचा जुनाट ठरला होता. घोकंपट्टी म्हणून त्याची टिंगलही झाली. अर्थ न समजता पाठ करण्यात काही हशील नाही, हे मान्यच आहे. पण त्या पद्धतीतल्या दोन गोष्टी अगदी शास्त्रशुद्ध होत्या: पुस्तक मिटून आठवणे, आणि रोज थोडे थोडे करणे.

हे केवळ जुन्याचे कौतुक म्हणून सांगत नाही. स्मरणशक्तीचे पहिले पद्धतशीर मोजमाप याच जर्मनीत झाले. हेर्मान एबिंगहाउस या संशोधकाने अर्थहीन अक्षरगट स्वतः पाठ करून, किती वेळाने किती विसरतो हे मोजले आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केले. विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो आणि नंतर मंदावत जातो, असे त्यांना दिसले. तेव्हा आज शाळेत शिकलेले आज संध्याकाळी एकदा आठवले, तर गळती सुरू होते तिथेच बांध पडतो. दोन आठवड्यांनी परीक्षेच्या आदल्या रात्री तोच धडा उघडला, तर तो जवळजवळ नव्याने शिकावा लागतो.

दुसरा प्रयोग अमेरिकेतला. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला. काहींनी तो न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली, तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते: ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के. पण आठवड्याने पाहिले, तर पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्केच आठवत होते आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. पुन्हा पुन्हा वाचल्याने 'मला येते' असा भास होतो, आणि तो भास त्या दिवसापुरता खराही असतो. शाळेची परीक्षा मात्र आठवड्याने असते.

मी मिरजेला वैद्यकीय महाविद्यालयात शिकलो. वसतिगृहात आम्ही मित्र रात्री हाडांचा संच घेऊन बसत असू. एकाने हाड हातात द्यायचे, दुसऱ्याने ते कोणत्या बाजूचे, त्यावर कोणता स्नायू लागतो, जवळून कोणती नस जाते, हे सांगायचे. तोंडी परीक्षेच्या धाकाने हे चाले. त्या वेळी मोठ्याने बोलून शिकलेली शरीररचना आज तीस वर्षांनंतरही शाबूत आहे. पुढे जर्मनीत काम करू इच्छिणाऱ्या परदेशी डॉक्टरांना भाषेची आणि ज्ञानाची परीक्षासुद्धा बरीचशी बोलूनच द्यावी लागते. म्हणजे जे आपण मुलांना सांगतो आहोत, त्यातून आपल्यातले बरेच जण स्वतः गेलेले आहेत.

घरात परवचा पुन्हा कसा सुरू करावा?

वेळ वीस मिनिटे. शक्यतो रोज एकाच वेळी. रात्रीच्या जेवणाआधी उत्तम.

१. दप्तर बंद ठेवून मुलाने कोऱ्या कागदावर लिहावे किंवा तोंडाने सांगावे: आज प्रत्येक तासाला काय शिकवले? प्रत्येक विषयातल्या दोन-तीन गोष्टी पुरेत. अडले तर लगेच वही उघडू नये. मिनिटभर आठवायचा प्रयत्न करावा. तो प्रयत्न हाच व्यायाम आहे. मग वही उघडून राहिलेले भरून काढावे.

२. त्यातली एक गोष्ट घरातल्या कोणाला तरी मराठीतून समजावून सांगावी. आजी इथे राहायला आलेली असेल तर आजीला, नाहीतर फोनवर आजोबांना. प्रकाशसंश्लेषण आजीला समजावून सांगायचे म्हणजे जर्मन वाक्य जसेच्या तसे म्हणून भागत नाही. आजी "पण का?" असे विचारते आणि मुलाला खरेच विचार करावा लागतो. मराठीही टिकते, हा वरचा फायदा. घरात मराठी बोलल्याने जर्मन कच्चे राहते ही भीती मनातून काढून टाका. आपल्या मोडक्या जर्मनपेक्षा आपले भरघोस मराठी मुलाच्या विचाराला अधिक पोसते.

३. शेवटी तीच गोष्ट जर्मनमधून एका पूर्ण वाक्यात मोठ्याने म्हणावी. ही पायरी गाळू नये. उद्या वर्गात बोट वर केल्यावर जे वाक्य म्हणायचे आहे, ते हेच. पुष्कळ शिक्षक तासाची सुरुवात मागच्या तासाच्या उजळणीने करतात, आणि तिथे बोट वर करणे सर्वांत सोपे असते, कारण उत्तर काल रात्रीच तयार झालेले असते.

वर सांगितलेल्या मुलीने हेच केले. सुरुवातीला तिने स्वतःला एवढीच अट घातली: प्रत्येक तासाला एकदा बोट वर करायचे, पहिल्या दहा मिनिटांत. उत्तर येत नसेल तर प्रश्न विचारायचा, कारण चांगला प्रश्न हाही सहभागच आहे. पुढच्या सहामाहीला तोंडी ४ चे ३ झाले. चमत्कार काही नाही. पण तिच्या आईने सांगितले की शाळेतून येताना तिचा चेहरा बदलला आहे. मला त्याचे अधिक वाटले.

विषयानुसार थोडा फरक करावा. इंग्रजी, फ्रेंच किंवा लॅटिनच्या शब्दांसाठी झेबास्टियान लाइट्नर यांची कार्डांची पेटी वापरावी. १९७२ साली शिकण्याच्या कलेवरच्या आपल्या पुस्तकातून त्यांनी ती लोकप्रिय केली आणि इथल्या कागद-पेनांच्या दुकानांत ती सहज मिळते. कार्डाच्या एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. उत्तर बरोबर आले की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकले की पुन्हा पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा रोज पाहायचा, पुढचे कप्पे क्रमाने अधिक दिवसांनी. जे येते त्यावर वेळ कमी जातो आणि जे येत नाही ते वारंवार समोर येते. गणितात मात्र तोंडी सांगून भागत नाही. शाळेत फळ्यावर सोडवलेले उदाहरण वही मिटून स्वतः सोडवावे. आणि एकाच पद्धतीची वीस उदाहरणे सलग न करता वेगवेगळ्या प्रकरणांतली मिसळून करावीत, कारण परीक्षेत कोणती रीत लावायची हे कोणी वर लिहून देत नाही.

प्रश्नातले क्रियापद वाचा

मुलांनो, हा भाग तुमच्यासाठी. इथल्या प्रश्नपत्रिकांत प्रत्येक प्रश्नाची सुरुवात एका ठरलेल्या क्रियापदाने होते. त्यांना 'ओपेराटोरेन' म्हणतात. 'नेनेन' म्हणजे फक्त नावे सांगा, स्पष्टीकरण नको. 'बेश्रायबेन' म्हणजे काय दिसते किंवा काय घडते ते क्रमाने लिहा. 'एर्क्लेरेन' म्हणजे ते का आणि कसे घडते ते सांगा. 'बेग्र्युंडेन' म्हणजे कारणे, पुरावे द्या. 'बेउर्टायलेन' म्हणजे दोन्ही बाजू तपासून निष्कर्ष काढा. सहसा जसे पुढे जावे तसे गुण जास्त.

आपली मुले मैदानावर फाडफाड जर्मन बोलतात, म्हणून भाषेची अडचण नाही असे आपल्याला वाटते. पण खेळाची भाषा वेगळी आणि शाळेच्या पुस्तकाची वेगळी. 'एर्क्लेरेन' विचारले असताना 'बेश्रायबेन'चे उत्तर लिहिले, तर लिहिलेले सगळे बरोबर असूनही अर्धे गुण जातात. पेपर हातात आला की आधी पेन्सिलीने ही क्रियापदे अधोरेखित करा, मगच लिहायला लागा. बऱ्याच विषयांत या क्रियापदांची यादी उपलब्ध असते. शिक्षकांकडे मागा.

परत आलेला पेपर

आपल्याकडे बोर्डाचा पेपर एकदा दिला की पुन्हा दिसत नसे. इथे प्रत्येक पेपर तपासून हातात परत येतो, आणि नियम असा आहे की आधीचा पेपर परत देऊन त्यावर चर्चा झाल्याशिवाय त्या विषयाची पुढची वर्गपरीक्षा घ्यायची नसते. ही मोठी सोय आहे. पण पुष्कळ घरांत काय होते? वरचा आकडा पाहिला जातो, एक तर शाबासकी नाहीतर बोलणी होतात, सही होते आणि पेपर फाइलमध्ये जातो.

त्याऐवजी एक वही करा. प्रत्येक चूक तीनपैकी एका रकान्यात टाका: माहीत नव्हते, माहीत होते पण आठवले नाही, किंवा प्रश्न नीट वाचला नाही. पहिल्या रकान्यासाठी धडा पुन्हा समजून घ्यावा लागेल. दुसऱ्यासाठी परवचा वाढवावा लागेल. तिसऱ्यासाठी क्रियापदे अधोरेखित करण्याची सवय लावावी लागेल. तापाची तीन वेगळी कारणे असतील तर औषधेही तीन वेगळी. सगळ्यांना 'जास्त अभ्यास कर' हे एकच औषध देऊन चालत नाही.

आता डॉक्टर म्हणून

गेर्लिंगेनच्या वरच्या अंगाला टेकडीवर सोलिट्यूड राजवाडा आहे. आपण मुलांना घेऊन तिथे फिरायला जातो. फ्रीडरिश शिलर जर्मन साहित्यातले थोर कवी, पण त्यांचे शिक्षण वैद्यकीचे. याच सोलिट्यूडवर ड्यूक कार्ल ऑयगेन यांनी काढलेल्या शाळेत १७७३ साली ते दाखल झाले. शिलरांचे वडील तिथल्या बागांचे प्रमुख होते. १७९६ साली ते वारले आणि त्यांचे दफन आपल्याच गेर्लिंगेनमध्ये झाले. शिलरांचा १७७९ सालचा वैद्यकीय प्रबंध नाकारला गेला आणि त्यांना आणखी एक वर्ष शाळेत काढावे लागले. १७८० साली जो प्रबंध शेवटी स्वीकारला गेला, त्याचा विषय होता माणसाच्या शारीरिक आणि मानसिक स्वभावाचा संबंध. नापासाचा शिक्का बसलेल्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगा. आणि तो विषयही ध्यानात ठेवा, कारण गुणांच्या प्रश्नात शरीराचा भाग आपण विसरतो.

झोप: १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते. दिवसा शिकलेले मेंदूत पक्के बसण्याचे बरेचसे काम झोपेत होते. शाळा सकाळी पावणेआठच्या सुमारास भरत असेल आणि मूल साडेसहाला उठत असेल, तर दहाच्या आत दिवा मालवला पाहिजे. फोन रात्री मुलाच्या खोलीत नको. परीक्षेच्या आदल्या रात्रीचे जागरण म्हणजे विहीर खणून पाणी लागायच्या आत बुजवून टाकणे.

डोळे आणि कान: फळ्यावरचे नीट न दिसणारे मूल तशी तक्रार करत नाही, कारण सगळ्यांना तसेच दिसते असे त्याला वाटते. गुण अचानक घसरले तर आधी डोळे तपासा. रोज बाहेर उजेडात खेळल्याने चष्मा लागण्याची शक्यता कमी होते, हेही सिद्ध झाले आहे.

रक्त: वयात येणाऱ्या मुलींमध्ये, विशेषतः शाकाहारी घरांत, लोह कमी असणे नेहमीचे. थकवा, लक्ष न लागणे, चिडचिड ही त्याची लक्षणे आळस म्हणून खपून जातात. जेवणाला लागून चहा देऊ नये. डाळ-पालेभाजीवर लिंबू पिळावे. १२ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी 'योट आइन्स' ही तपासणी सरकारी आरोग्यविम्यात मोफत होते. पुष्कळ मराठी कुटुंबे ती चुकवतात. चुकवू नका.

वाचन-लेखनाची अडचण: काही मुले बुद्धीने तल्लख असतात, पण अक्षरे उलटसुलट होतात, वाचन अडखळते, शुद्धलेखन काही केल्या सुधारत नाही. हा हट्ट नव्हे आणि आळसही नव्हे. इथल्या शाळांत अशा मुलांसाठी जादा वेळ आणि इतर सवलतींची तरतूद आहे. वर्गशिक्षकांशी आणि बालरोगतज्ज्ञांशी लवकर बोला. "लोक काय म्हणतील" म्हणून दोन वर्षे घालवली, तर मुलाचा स्वतःवरचा विश्वास जातो, आणि तो परत आणायला कोणतीही गोळी नाही.

पालकांसाठी शेवटचे

पालकसभेला आईबाबांपैकी एकाने तरी जावेच. शिक्षकांना भेटल्यावर "गुण का कमी दिले?" असे विचारण्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत: तोंडी गुण सध्या किती आहे? त्याला वजन किती? पुढच्या सहा आठवड्यांत त्याने कोणती एक गोष्ट करावी? शेवटच्या प्रश्नाला बहुतेक शिक्षक मनापासून उत्तर देतात. थोड्या मोठ्या मुलांनी हे प्रश्न स्वतःच विचारावेत.

चौथीनंतरच्या शाळेच्या निवडीवरून घरोघरी ताण असतो. आपल्या राज्यात आता शिक्षकांची शिफारस, 'कोम्पास फीअर' ही चाचणी आणि पालकांची इच्छा या तीनपैकी दोन गोष्टी जुळल्या की गिम्नाझियमचा रस्ता खुला होतो. त्या जुळल्या नाहीत, तरी 'पोटेन्त्सिआलटेस्ट' देता येते. २०२५-२६ पासून पाचवी आणि सहावीपासून गिम्नाझियम पुन्हा नऊ वर्षांचे झाले आहे, त्यामुळे मुलांना थोडी उसंत मिळेल. आणि रेआलशुलेत गेले म्हणून दारे बंद होत नाहीत. तिथून चांगले गुण मिळवून तीन वर्षांच्या व्यावसायिक गिम्नाझियममधून अबिटुर करता येते, आणि दरवर्षी पुष्कळ मुले ते करतात. दहाव्या वर्षी कोणाचेही आयुष्य ठरत नाही. हे आधी आपल्याला पटले पाहिजे, म्हणजे ते मुलाला पटेल.

एक विनंती. मंडळाच्या कार्यक्रमात दुसऱ्याच्या मुलाचे गुण विचारू नका आणि आपल्या मुलाचे त्याच्यासमोर सांगू नका. मुले ऐकत असतात. तुलना करायचीच असेल, तर मुलाच्या मागच्या प्रगतिपुस्तकाशी करा.

या गणपतीत घरी आरती झाल्यावर ताट खाली ठेवायच्या आधी मुलाला जवळ बसवा आणि विचारा, "आज शाळेत काय शिकलास? मला सांग." उत्तर मोडके आले तरी पूर्ण ऐकून घ्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. सणाचे दिवस संपले तरी हा नेम चालू राहू द्या. फेब्रुवारीत सहामाहीचे प्रगतिपुस्तक हातात येईल, तेव्हा काय फरक पडला ते मला जरूर कळवा.

सर्व मुलांना नव्या शालेय वर्षाच्या मनापासून शुभेच्छा. गणपती बाप्पा मोरया!